गुलमोहर पडला तिथे करंज: पश्चिमेच्या उन्हासाठी देशी झाडं निवडताना

आमचं घर सोलापूर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावाच्या कडेला आहे. दहा गुंठ्यांचा प्लॉट, घराचं तोंड पूर्वेला. म्हणजे झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या भिंती थेट पश्चिमेला. वर फूट-दीड फूट काळी माती, खाली मुरूम. पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. मार्च ते मे दुपारी तीनपासून त्या भिंतीवर ऊन असतं आणि रात्री अकरा वाजले तरी ती हाताला गरम लागते. त्या भिंतीसाठी झाडं निवडायची, लावायची आणि जगवायची, या कामाला मे २०२२ मध्ये सुरुवात झाली. आता सावली भिंतीपर्यंत पोचायला लागली आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. मी शोधत होते तेव्हा याद्या भरपूर मिळाल्या: अमुक झाड पवित्र, तमुक औषधी. पण कोणत्या झाडाला ऐन एप्रिलमध्ये पान असतं, पालिकेच्या परवानगीला किती वेळ लागतो, रोपवाटिकेत रोप हातात घेतल्यावर काय पाहायचं, हे एका जागी कुठे सापडलं नाही.

पश्चिमेला आधी एक गुलमोहर होता, आम्ही प्लॉट घेतला त्याच्याही आधीचा. मे २०२२ मधल्या वळवाच्या वादळात त्याची मोठी फांदी मोडली आणि शेजारच्या काकांच्या पत्र्यावर पडली. कुणाला लागलं नाही. पण उरलेलं खोड त्याच बाजूला कललेलं होतं आणि मोडलेल्या जागी आत पोकळ दिसत होतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं वरच्यावर पसरणारी, त्यामुळे वादळात पहिल्यांदा पडणाऱ्यांत तो असतोच. काका म्हणाले, "सूनबाई, झाड तुमचं, जागा तुमची. उद्या माणूस बोलवा आणि पाडून टाका."

तसं करता येत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असतो आणि स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. झाड देशी की परदेशी, याने फरक पडत नाही. हद्दीबाहेर, शेतात वगैरे, १९६४ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात ठरावीक जातींची यादी आहे. गुलमोहर त्या यादीत नाही. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, अंजन आहेत. नवीन झाड लावतानाही हे माहीत असलेलं बरं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज दिला. सोबत मिळकत पत्रिकेचा उतारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, आधारची प्रत, झाडाचे चारही बाजूंचे फोटो आणि हाताने काढलेला नकाशा. नकाशात घर, झाड, शेजारची भिंत, विजेची तार आणि त्यांतली अंतरं फुटांत लिहिली. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला टेपने मोजून अर्जातच टाकला. एक सांगते: मोडलेली जागा, खोडाचा कल आणि शेजारचं छत ही तिन्ही एकाच फोटोत येतील असा एक फोटो काढा. पाहणीला येणाऱ्या माणसाला बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

त्या वर्षी आषाढी १० जुलैला होती, त्यामुळे तोवर निम्मी कचेरी वारीच्या कामात. जुलैच्या अखेरीस फाइल परत आली, शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र जोडा म्हणून. काकांनी लगेच सही दिली. स्थळ पाहणी ऑगस्टमध्ये झाली. आलेल्या साहेबांनी घेर पुन्हा मोजला, पंचनामा केला आणि झाडाचं वय बावीस वर्षं धरलं. हे वय महत्त्वाचं आहे. १९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. शिवाय तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं भरपाई म्हणून लावावी लागतात. आमच्या वाट्याला बावीस आली. ती लावताना किमान सहा फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग, म्हणजे फोटोसह ठिकाणाची नोंद, करायचं आणि सात वर्षं ती सांभाळायची.

पुढे झाडावर नोटीस चिकटवली गेली आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त गुरुजींनी हरकत घेतली. त्या गुलमोहरावर दरवर्षी कावळ्यांचं घरटं असायचं, ते त्यांच्या गच्चीवरून दिसायचं. मला त्यांचा राग आला नाही. झाडासाठी कुणीतरी कागद लिहून देतं याचं बरंच वाटलं. सुनावणीच्या आधी त्यांना घरी बोलावलं, पोकळ बुंधा दाखवला, तिथे कोणती झाडं लावायचा विचार आहे तेही सांगितलं. त्यांनी हरकत मागे घेतली. पुढे झाडं निवडताना सगळ्यांत जास्त मदत त्यांचीच झाली.

ऑक्टोबर २०२२ संपता संपता परवानगी हातात आली. अनामत ११,००० रुपये भरली. हा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, तेव्हा आपल्या कार्यालयात विचारा आणि पावती जपून ठेवा, कारण परत मागताना तीच लागते. नोव्हेंबरमध्ये झाड उतरवलं. गुलमोहराच्या लाकडाला गिऱ्हाईक नाही, त्यामुळे तोडणाऱ्याने लाकूड नेऊनही ७,५०० रुपये मजुरी घेतली. आंबा किंवा बाभूळ असती तर हिशेब उलटा झाला असता. पर्यायी झाडं लावायची मुदत कायद्यात तीस दिवसांची आहे, पण ती वाढवून देण्याचा अधिकार वृक्ष अधिकाऱ्यांना असतो. आमच्याकडे नोव्हेंबरनंतर लावलेलं रोप म्हणजे सात महिने टँकर. मी एक साधं पत्र दिलं, पावसाचं कारण लिहिलं, आणि जुलै २०२३ अखेरपर्यंत मुदत मिळाली. हे पत्र झाड तोडण्याआधीच द्यावं.

त्या मुदतीमुळे हिवाळा आणि उन्हाळा असे सहा-सात महिने हाती आले, आणि माझ्या मते झाड निवडण्याचं खरं काम तेवढ्यातच झालं.

गुलमोहर जाण्याचं मला वाईट वाटत होतं, पण एक गोष्ट आठवत होती: मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा ती भिंत सर्वांत जास्त तापायची, तेव्हा त्या झाडावर पान नसायचं. उघड्या फांद्या आणि लोंबणाऱ्या काळ्या शेंगा, मग फुलं. गर्द पालवी यायची ती मृगाच्या सुमारास, जेव्हा आकाशच झाकोळलेलं असतं. तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुम्ही झाडाचं नाव आधी ठरवू नका. आधी वर्षभर कोण कधी उघडं पडतं ते पाहा."

मग जानेवारी २०२३ पासून एका वहीत नोंदी सुरू केल्या. तहसील कचेरीचं आवार, जुनी शाळा, कॅनॉलची कडा, हायवेलगत उरलेली जुनी झाडं. दर पंधरवड्याला एक फेरी आणि प्रत्येक झाडासमोर एकच शब्द: पान, उघडं, पालवी, फूल. ज्याला सावलीचं झाड लावायचं आहे त्याने आपल्या गावात एवढं जरूर करावं. रोपवाटिकेतल्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं, आणि कोकणातलं किंवा पुण्यातलं झाड आपल्याकडे तसंच वागेल याची खात्री नसते.

वहीत जे आलं ते असं. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण उघडा, फुलं सरल्यावर पानं. काटेसावर तशीच. बहावा एप्रिल-मेमध्ये सोन्यासारखा फुलतो, पण तेव्हा त्याच्या अंगावर पान जवळजवळ नसतं. खाली उभं राहिलं तर ऊन चाळून अंगावर येतं. शिरीष हिवाळ्यात पानं टाकतो, मार्चभर वाळक्या शेंगा वाजत राहतात, एप्रिलमध्ये पालवी आणि फुलं एकदम. वावळ फेब्रुवारीत रिकामा, पण एप्रिलपर्यंत भरून येतो. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडे दिवस विरळ होतो. २२ मार्चला पाडवा होता, तेव्हा आमच्या शाळेजवळच्या निंबाला तांबूस पालवी आणि मोहोर दोन्ही होतं आणि एप्रिलच्या मध्याला खाली गार सावली. पाडव्याला निंबाचा कोवळा पाला खायला मिळतो तो या वेळापत्रकामुळेच. पिंपळाची पालवीही त्याच सुमाराची. जांभूळ आणि बकुळ कधीच उघडे पडले नाहीत.

आणि करंज. कॅनॉलच्या कडेचे करंज मार्चमध्ये पिवळे पडून गळायला लागले तेव्हा मी त्यांच्यावर फुली मारायला निघाले होते. पण गळती आणि पालवी यांत फार अंतरच पडलं नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळी झाडं पोपटी, तुकतुकीत पानांनी भरली. पाऊस दोन महिने लांब, जमिनीला भेगा, आणि हे झाड नवीन पानं काढून उभं. आपल्या कोरड्या रानातली बरीच झाडं अशी पावसाच्या आधीच पालवतात, खोल मुळांनी धरून ठेवलेल्या ओलीवर. देशी झाड का लावायचं, या प्रश्नाचं माझ्यापुरतं सर्वांत ठोस उत्तर हे आहे. आपला उन्हाळा त्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात ज्याच्या अंगावर पान आहे तेच आपल्याकडे सावलीचं झाड. बाकीची फुलांची, फळांची, पाखरांची झाडं म्हणून लावावीत, आणि तीही लावावीतच.

जागेचाही विचार त्याच उन्हाळ्यात पक्का झाला. आपण साडेसतरा अक्षांशाच्या आसपास राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेचं झाड भिंतीला सावली देतच नाही. छतावर पडणारं दुपारचं ऊन कोणतंही लहान झाड अडवू शकत नाही, तिथे चुना किंवा गच्चीवरची जाळी हाच उपाय. झाड खरं काम करतं ते तीननंतर, पश्चिमेला आणि वायव्येला, कारण मेमध्ये सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडे मावळतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि तेव्हा ते ऊन अंगणात हवंसं वाटतं. म्हणून दक्षिणेला बारमाही गर्द झाड नको, तिथे बहाव्यासारखं विरळ झाड चालेल. मी प्लॉटवर एक बांबू उभा करून एप्रिलमध्ये चार आणि पाच वाजता त्याची सावली कुठे पडते तिथे खुंट्या ठोकल्या. झाडांच्या जागा त्यावरून ठरल्या.

घरात चर्चा झाल्या. सासूबाईंना दारात बकुळ हवी होती. ती सावकाश वाढते, पण पूर्वेला घाई नव्हती आणि सडा पडणारं झाड दारातच असावं, हे मलाही पटलं. यांना वड हवा होता. वड, पिंपळ आणि उंबर ही तिन्ही झाडं दुष्काळात टिकतात, पाखरं सांभाळतात, पण दहा गुंठ्यांत घराजवळ नकोत. मुळं शोषखड्डा आणि पाया दोन्ही शोधत जातात. वड आम्ही भरपाईच्या बावीस झाडांत धरला, मोकळ्या जागेत. जांभूळ मोहाचं होतं, पण मुरमाड उथळ जमिनीत त्याला पाणी फार लागलं असतं. सप्तपर्णी आणि कदंब याच कारणाने बाजूला ठेवले. चिंच मूळची आफ्रिकेतली, इथे शतकानुशतकं रुळलेली. तिच्यावर मला आक्षेप काही नाही, पण जागा एवढीच होती.

शेवटी ठरलं ते असं: पश्चिमेला दोन करंज, भिंतीपासून अठरा-वीस फुटांवर. वायव्येला एक कडुनिंब. दक्षिणेला बहावा, पूर्वेला बकुळ. आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे निव्वळ मुरूम वर आला आहे, तिथे अंजन. खानदेशातल्या उघड्या डोंगरांवर अंजन उभा असलेला पाहिला होता. एवढ्या कोरड्या जागेला दुसरं झाड मला सुचलं नाही. विजेच्या तारेखाली काहीच लावलं नाही. शोषखड्ड्यापासून पंचवीस फूट सोडले.

खड्डे मे महिन्यातच घेतले. मुरमात टिकाव चालेना, म्हणून जेसीबी तासावर बोलावला, १,२०० रुपये तास, दोन तासांत घरचे खड्डे झाले. तीन फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हात महिनाभर उघडे ठेवले. भरताना वरची काळी माती, निघालेला बारीक मुरूम, कुजलेलं शेणखत दोन पाट्या आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड. खड्डा अगदी मऊ, सकस मातीने भरू नका, असं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतल्या वनपालांनी सांगितलं. मुळं मग त्यातच फिरत राहतात, बाहेरच्या मुरमात शिरत नाहीत. काळी माती जास्त झाली तर पावसाळ्यात पाणी साचतं ते वेगळंच.

रोपांसाठी जूनमध्ये गेलो. वनमहोत्सवाच्या काळात, म्हणजे १५ जून ते ३० सप्टेंबर, वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत सवलतीचे दर असतात. लहान पिशवीतली रोपं अगदी थोड्या पैशांत मिळतात. पण आधी फोन करून किंवा जाऊन नाव नोंदवावं लागतं; करंज, निंब भरपूर असतात, बकुळ कमी आणि लवकर संपते. आम्हाला बकुळ खाजगी रोपवाटिकेतून २५० रुपयांना घ्यावी लागली.

रोप हातात घेतल्यावर पाहायच्या तीन गोष्टी. पहिली, मुळं. पिशवीच्या तळाला गोल गोल गुंडाळलेली जाड मुळं दिसली तर ते रोप नको. ती गाठ आयुष्यभर सुटत नाही. दुसरी, उंचीला भुलू नका. घरच्या जागांसाठी मी दीड-दोन फुटांचीच रोपं निवडली, जाड बुंध्याची. तिसरी, नाव तपासा. निंबाच्या नावाखाली बकाण दिलं जातं: निंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं, बकाणाच्या पानाला पुन्हा उपपानं असतात. शिरीष मागितला तर विलायती शिरीष, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला वर्षावृक्ष, मिळू शकतो. अशोक म्हणून जो उंच, खाली झुकलेल्या फांद्यांचा विकतात तो आसुपालव, त्याची सावली पडत नाही. पाटीवर शास्त्रीय नाव असेल तर ते वाचा, अल्बिझिया लेबेक म्हणजे आपला शिरीष आणि समानिया सामान म्हणजे वर्षावृक्ष.

अंजनाचं रोप घेतलं नाही. त्याचं सोटमूळ लहानपणीच खूप खोल जातं आणि पिशवीतून लावल्यावर ते दुखावतं. गुरुजींच्या धुळ्याच्या नातेवाइकांनी मेमध्ये बिया पाठवल्या होत्या. चपट्या, पंखासारख्या शेंगेत टोकाला एक बी. रात्रभर पाण्यात भिजवून जागेवरच टोकल्या.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घरची झाडं लावली. भरपाईची बावीस झाडं नगरपरिषदेने ठरवून दिलेल्या लेआउटच्या खुल्या जागेत महिनाअखेर लावली. ती सहा फुटांची हवी असल्याने मोठ्या पिशवीतली घ्यावी लागली, सरासरी ३५० रुपये एक, शिवाय टेम्पोचं भाडं आणि ट्री गार्ड. करंज, निंब, वावळ, शिरीष, आपटा, एक वड आणि एक पिंपळ. प्रत्येकाचा फोटो आणि ठिकाण नोंदवून अहवाल दिला.

आणि मग ऑगस्ट २०२३ कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्याकडे पुढेही धड पाऊस नाही, आणि ऑक्टोबरअखेर राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातलेही होते. त्या आठवड्यांत मला झोप नीट लागत नव्हती. माणसांना पाणी दोन दिवसांआड येत असताना झाडाला टँकर मागवणं मनाला बरं वाटत नव्हतं. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं काढलं, साबणाचं पहिलं पाणी सोडून. प्रत्येक रोपाशेजारी एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, तळाला भोक पाडून सुताची वात, तोंडावर झाकण. मडकं भरलं की पाणी आठवडाभर मुळापाशी झिरपत राहतं. वरून उसाचं पाचट अर्धा फूट जाड, बुंध्यापासून चार बोटं लांब, म्हणजे बुंधा कुजत नाही. पाणी रोज थोडं देण्यापेक्षा आठवड्याला एकदा भरपूर दिलं की मुळं खाली जातात. मडक्याने तेच साधलं.

खुल्या जागेतल्या झाडांना मात्र टँकर लागलाच. कॉलनीतल्या आठ-दहा घरांनी मिळून महिन्याला दोन, पाच हजार लिटरचे, प्रत्येकी ९०० रुपये. गुरुजी स्वतः पाइप धरायचे. तरी त्या वर्षी तिथली पाच झाडं गेली. गेलेली पाचही मोठ्या पिशवीतली, उंच, गुंडाळलेल्या मुळांची होती. उपटून पाहिली तेव्हा मुळं पिशवीच्या आकाराबाहेर आलेलीच नव्हती. घरची दोन फुटांची करंजं आणि निंब एकही पान न करपता उभी राहिली, वर फारशी वाढली नाहीत एवढंच. बकुळीला दुपारी जुन्या साडीचा आडोसा करावा लागला.

२०२४ चा पाऊस चांगला झाला. त्या एका पावसाळ्यात करंज डोक्याच्या वर गेले. गेलेल्या पाच झाडांच्या जागी पुन्हा झाडं लावली. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आणि गाठी दिसल्या तर घाबरू नका. करंजावर रेघा पाडणारी, पान पोखरणारी अळी आणि गाठी करणारे बारीक कोळी हमखास येतात, झाडाला त्याने फार बिघडत नाही. आम्ही काही फवारलं नाही. शेळ्यांनी निंबाचा शेंडा एकदा खाल्ला, त्यानंतर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं. करंजाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत.

२०२५ ने दुसरं टोक दाखवलं. मान्सून मेमध्येच आला आणि सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण मागच्या बाजूला काळ्या मातीत आठवडाभर तळं साचलं. कडुनिंब पिवळा पडला, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. चर खणून पाणी काढल्यावर तो सावरला. करंजं त्याच पाण्यात उभी होती, त्यांना काहीच झालं नाही. दुष्काळ आणि दलदल दोन्ही सोसणारं झाड म्हणून माझं मत आता करंजाकडेच आहे, विशेषतः जिथे वर काळी माती आणि खाली निचरा कमी आहे तिथे. निव्वळ मुरूम असेल तर निंब.

आज करंज बारा-तेरा फूट आहेत, निंब त्याहून थोडा उंच. बकुळ अजून कमरेएवढी. अंजन जमिनीवर जेमतेम तीन फूट, पण त्याला गेल्या उन्हाळ्यात मी पाणी दिलं नाही आणि एप्रिलमध्ये त्याची जोडपानं तांबूस फुटली. एप्रिल २०२५ मध्ये मावळतीच्या कललेल्या उन्हात करंजाची सावली स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आली होती आणि रात्री जेवताना भिंत हाताला कोमट लागत होती. झोपायच्या खोलीच्या भिंतीला अजून दोन उन्हाळे लागतील.

बावीस झाडांची पाहणी दरवर्षी होते, २०३० पर्यंत होत राहील. जूनमध्ये नवीन फोटो, उंची आणि मेलेल्यांच्या जागी काय लावलं त्याचा तक्ता द्यायचा असतो. फोटो काढताना मागे तीच ओळखीची खूण, म्हणजे एखादा खांब किंवा भिंत, दर वर्षी ठेवा, नाहीतर झाड तेच आहे हे पटवून देण्यात अर्धा दिवस जातो.

आणि छाटणीबद्दल. झाड जरा वाढलं की खालच्या फांद्या काढून बुंधा मोकळा करायचा, असं सगळेच सांगतात. अंगणात चालायला ते बरं. पण पश्चिमेच्या झाडाचं करू नका. पाचनंतरचा सूर्य इतका खाली असतो की उंच छत्रीच्या खालून ऊन सरळ भिंतीवर येतं. आम्ही दोन्ही करंजांच्या घराकडच्या फांद्या फेब्रुवारीत, पालवी फुटायच्या आधी, थोड्या उचलल्या, आणि मावळतीकडच्या गुडघ्यापर्यंत खाली तशाच ठेवल्या.